मावशींच्या मागच्या दाराची कडी

घर फोडणं हे वाटतं तितकं सोपं काम नाही, हे मी अनुभवानं सांगतो. त्यातून सगळी गल्ली पाठीशी उभी राहून सूचना देत असेल, हवालदार पुन्हा पुन्हा घड्याळ बघत असेल आणि स्वतःची बायको शेजारणीच्या कानात काहीतरी सांगून हसत असेल, तर भल्याभल्यांना ते जमायचं नाही. मी तर साधा वजनमापे निरीक्षक. पण ते पुढे येईलच. सुरुवात एका उशीपासून झाली.

पलीकडच्या गल्लीत भरदुपारी एक घर फुटलं. घरची मंडळी परगावी गेली होती. चोरानं भिंतीवरचं घड्याळ नेलं, मिक्सर नेला आणि एक उशी नेली. घड्याळ आणि मिक्सर मी समजू शकतो. पण उशी का? त्या घरात उशा सहा होत्या म्हणे. सहातून एक निवडताना त्यानं काय बघितलं असेल? मऊपणा की अभ्रा? ऑफिसात एका दुकानदाराचा तराजू तपासताना मी याच विचारात इतका बुडालो की त्यानं घाबरून आपणहोऊन सांगितलं, "साहेब, काटा जरा बसका आहे, मान्य आहे मला."

गल्लीत अर्थातच प्रत्येकाकडे उत्तर तयार होतं. निवृत्त हेडमास्तर म्हणाले, चोराचं मन त्याला खात असणार, म्हणून त्याला झोप लागत नसणार. आमच्या कोपऱ्यावरच्या शिंपीणबाईंचं म्हणणं असं की लोक उशीत दागिने शिवून ठेवतात. "मी स्वतः दोन घरांना शिवून दिल्यात तसल्या उशा. कुणाला ते मात्र मेले तरी सांगणार नाही," असं म्हणत त्यांनी दोन घरांकडे सरळ बोट दाखवलं.

हे सगळं करमणुकीचं राहिलं असतं, पण समोरच्या घरातल्या मावशींना त्याच दिवशी त्यांच्या मुलाचा फोन आला. मावशी म्हणजे काही माझी सख्खी मावशी नव्हे. काका गेल्यापासून त्या एकट्याच राहतात. मुलगा मोठ्या शहरात, बाराव्या मजल्यावर. तिथून त्याला आमच्या गल्लीतला चोर आमच्यापेक्षा स्पष्ट दिसत होता. तो म्हणाला, "आई, आता एवढी एक गोष्ट सांगून ठेवतो. आपल्या घरी काहीही झालं, अगदी थोडंसं जरी झालं, तरी मी येईन आणि तुला घेऊन जाईन. घराला कुलूप."

मावशींनी हे मला कुंपणापाशी उभं राहून सांगितलं. त्यांचा आवाज नेहमीसारखाच होता, पण हातातल्या रोपाची माती त्या उगाचच पुन्हा पुन्हा दाबत होत्या. "मला नाही जायचं रे," त्या म्हणाल्या. "तिथं सगळं चांगलं आहे. सून चांगली, नातू चांगला, लिफ्ट चांगली. पण मला नाही जायचं. तू तपासणीवाला माणूस. माझं घर एकदा नीट बघून दे. चोर येताच कामा नये असं काहीतरी कर."

एखाद्या बाईनं माझ्या खात्यावर इतका विश्वास दाखवल्याचा हा आमच्या कचेरीच्या इतिहासातला पहिला प्रसंग असावा. मी तिथल्या तिथे शब्द देऊन बसलो.

हेडमास्तरांनी पहिला सल्ला दिला तो पाटीचा. 'कुत्र्यापासून सावध' अशी पाटी लावली की चोर फिरकत नाही आणि कुत्र्याला खायलाही घालावं लागत नाही. पाटी मी स्वतः रंगवली. 'सावध' मधला 'ध' जरा चुकला, पण चोर तेवढा चिकित्सक नसतो. दुसऱ्या दिवसापासून पेपरवाला पेपर रस्त्यावरूनच भिरकावू लागला आणि तो रोज गुलाबाच्या कुंडीत पडू लागला. वीज मंडळाचा माणूस फाटकावरूनच परत गेला. आणि आठवड्याच्या आत नगरपालिकेचा माणूस कुत्र्याचा परवाना विचारायला हजर!

"कुत्रा नाहीये," मी म्हणालो.

"पाटी आहे ना? पाटी आहे म्हणजे कुत्रा आहे."

"अहो, पाटी आहे कारण कुत्रा नाही."

त्यानं माझ्याकडे असं बघितलं, की दुकानदारांकडे मी रोज कसा बघतो ते मला पहिल्यांदा कळलं. मग तो म्हणाला, "ठीक आहे. इथं कुत्रा नाही असं लिहून द्या. आम्ही ते कचेरीच्या बाहेर फळ्यावर लावू. हरकती मागवाव्या लागतात." सगळ्या गावानं वाचावं अशा ठिकाणी मावशींकडे कुत्रा नसल्याचं जाहीर होणार म्हटल्यावर मी पाटी काढली.

मग बूट. ही युक्ती किराणावाल्यांची. एकट्या बाईच्या दाराबाहेर पुरुषाचे मोठ्ठे बूट ठेवायचे. चोर बूट बघतो, आत केवढा माणूस असेल याचा अंदाज घेतो आणि निघून जातो. माझे बूट आणून ठेवले तेव्हा आमची ही म्हणाली, "हे बघून चोराला उलट धीर येईल." मग चपला-बुटांच्या दुकानदाराकडून त्यानं नुसते काचेत मांडून ठेवलेले राक्षसी बूट मागून आणले. ते पायरीवर ठेवल्यावर मला स्वतःलाच मावशींचं दार वाजवायची भीती वाटू लागली. दुसऱ्या दिवशी त्यातला एक गायब! गल्लीत हाहाकार. चोर आला तर आला, पण एकच बूट का? मी पुन्हा विचारात पडलो. पहिल्यांदा उशी, मग एक बूट. या माणसाच्या मनात आहे तरी काय? संध्याकाळी तो बूट नाल्यापाशी सापडला. एक भटका कुत्रा तो तन्मयतेनं चावत बसला होता. पाटी काढायला नको होती असं मला वाटून गेलं.

"बाळला यातलं काही कळता कामा नये," मावशींनी बजावलं. बाळ म्हणजे बाराव्या मजल्यावरचा मुलगा. वय बेचाळीस.

शेवटी मी चौकीवर गेलो. हवालदार मोठे समजूतदार गृहस्थ. त्यांनी माझं सगळं शांतपणे ऐकलं, पाटीचं, बुटाचं, आणि म्हणाले, "साहेब, तुम्ही मालकाच्या नजरेनं बघताय. चोराच्या नजरेनं बघा. आज तुम्हीच चोर आहात असं समजा. कुठून शिराल?"

मला हे वाक्य फार आवडलं. इतकी वर्षं मी नोकरीत हेच करत आलो आहे. किलोच्या वजनावर किलो लिहिलंय म्हणून ते किलो आहे असं मी मानत नाही. मी ते उचलून बघतो. मग दार बंद आहे म्हणून ते बंद आहे असं तरी का मानावं?

म्हणून मी दुपारच्या जेवणाच्या सुट्टीत चोर व्हायचं ठरवलं. दुपारी मावशी पुढच्या दाराला कुलूप लावून वाचनालयात जातात. ऊन मी म्हणत होतं, म्हणून डोक्याला टॉवेल गुंडाळला, डोळ्यांवर काळा चष्मा लावला आणि छत्री बरोबर घेतली. छत्री उघडली नाही, कारण चोर छत्री उघडून येणार नाही. मागच्या बोळातून मावशींच्या घरामागे गेलो. आणि काय सांगू, जे घर रोज बघतो ते मला अगदी नवीन दिसू लागलं! पन्हाळीला किती पकड आहे, गजांमध्ये किती अंतर आहे (माझी एक वीत, अंगठा वगळून), भिंतीला पाठ लावून उभं राहिलं तर कोपऱ्यावरून दिसतो की नाही. पहिल्या दिवशी एवढंच बघितलं आणि ऑफिसात गेलो तेव्हा जेवायचं राहिलं होतं हेसुद्धा लक्षात आलं नाही.

दुसऱ्या दिवशी मला ती कडी दिसली. मावशींच्या स्वयंपाकघराचं मागचं दार आणि त्याला लागून गजांची खिडकी. खिडकीतून वाकून बघितलं की दाराची आतली कडी दिसते. साधी, कोयंड्यात अडकवलेली. हात पोचत नव्हता. पण छत्रीची मूठ आकड्यासारखी वळलेली. पोचेल का? नुसता प्रश्न पडला. छत्री उलटी धरून गजांतून आत घातली. पोचली. आता कडीखाली आकडा जाईल का? गेला. उचलली जाईल का? मनगटावर कडीचं वजन आलं, अडीचशे ग्रॅमच्या आसपास असेल, आणि खळ्ळ असा आवाज होऊन दार इंचभर उघडलं.

तो आनंद मला शब्दांत सांगता येणार नाही. ढकललं असतं तर मी आत असतो! मी अर्थातच आत गेलो नाही. कडी परत लावून घ्यावी म्हणून पुन्हा छत्री घातली, आणि तिथे घोटाळा झाला. कडी काढायला आकडा पुरतो. घालायला बोटं लागतात. कडी कोयंड्यावर आपटायची, घसरायची, लोंबायची. तेवढ्यात बोळात कोणीतरी खाकरलं. मी दार नुसतं ओढून घेतलं आणि निघालो. संध्याकाळी मावशींना सांगू, त्यांच्यासमोरच करून दाखवू, त्या कौतुक करतील, असं मनात घोळवत उरलेला दिवस काढला.

संध्याकाळी घरी आलो तर मावशींच्या दारात गर्दी. चोर आला होता! मागचं दार उघडलं होतं! आणि नेलं काय? काही नाही. त्यामुळे खळबळ दुप्पट झाली होती. काही नेलं असतं तर लोक हळहळून घरी गेले असते. काही न नेणारा चोर गल्लीनं आजवर बघितला नव्हता.

मी तोंड उघडलं. तेवढ्यात हेडमास्तर माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "हे बघा, आलेच. आपण सुरक्षा समिती काढतोय. तुम्ही अध्यक्ष. एकमतानं." टाळ्या पडल्या. आजवर कोणी मला कशाचंही अध्यक्ष केलेलं नव्हतं. मी तोंड मिटलं. थोडी गर्दी कमी झाली की मावशींना बाजूला घेऊन सांगू असं ठरवलं, आणि तेवढ्यात आतून फोन वाजला. बाळला कळलं होतं. कोणी कळवलं ते अजून बाहेर आलेलं नाही, पण शिंपीणबाई त्या दिवसापासून त्या विषयावर गप्प आहेत.

"काय नेलं?" हे पलीकडून आम्हा सगळ्यांना ऐकू आलं.

"काही नाही रे," मावशी म्हणाल्या.

"रविवारी येतोय. सामान बांधून ठेव."

मावशींनी फोन ठेवला आणि त्या मागच्या खोलीत जाऊन बसल्या. मला फार वाईट वाटलं. आणि लाजही वाटली. त्याच वेळी सांगायला हवं होतं. पण दारात सगळी गल्ली, चौकीवर तक्रार, आणि तक्रार करायला माझ्याच नेतृत्वाखाली शिष्टमंडळ निघालेलं! हवालदारांनी विचारलं, चोरीला काय गेलं? काही नाही. मग तक्रार घेता येत नाही. हेडमास्तर म्हणाले, "गल्लीची मनःशांती गेली असं लिहा." हवालदार म्हणाले, "किंमत अंदाजे किती लिहू?" त्यावरून वाद होऊन आम्ही परत आलो.

रात्री जेवताना आमची ही म्हणाली, "काहीही न नेणारा चोर म्हणजे एक तर वेडा असेल, नाहीतर तपासणीला आलेला सरकारी माणूस." आणि मला भाजी वाढून ती माझ्याकडे जरा जास्तच वेळ बघत राहिली.

रविवारी बाळ आला. मावशींच्या पुढच्या खोलीत एका कोपऱ्यात दोन बॅगा भरून उभ्या होत्या. समितीची सभा तिथेच. हवालदारही आले होते. मी अध्यक्ष म्हणून खुर्चीवर, समोर साक्षीदार. बाळला सगळं सांगायचं, आणि मग मोकळेपणानं कबूल करायचं, असं मी मनाशी पक्कं केलं होतं. फक्त सुरुवात कशी करावी ते सुचत नव्हतं.

शिंपीणबाई म्हणाल्या, "मी बघितला ना. बोळात शिरताना. बुटका होता."

"बुटका?" मी म्हणालो. "की मध्यम?"

"बुटकाच. आणि पोट पुढे."

"पोट असं नाही म्हणता येणार," मी म्हणालो, "बांधा जरा भरदार असेल."

किराणावाल्यांनी त्याला भिंतीला पाठ लावून उभा बघितला होता. "पाल चिकटावी तसा. आणि चालताना बदकासारखा." हेडमास्तरांनी त्याला वीत लावून खिडकी मोजताना बघितलं होतं आणि गवंडी असेल असं त्यांना वाटलं होतं. फोटो स्टुडिओवाले सगळ्यांत शेवटी बोलले. ते म्हणाले, "मी रोज माणसांचे चेहरे बघतो. काळा चष्मा होता, तरी सांगतो. 'हसा' म्हटल्यावर ज्यांना हसता येत नाही, तसला चेहरा. बावळट."

"एवढ्या लांबून बावळटपणा दिसतो का?" माझा आवाज चढला. "विचारात असेल तो माणूस!"

"आणि डोक्याला मळका टॉवेल," फोटोवाल्यांनी पुरं केलं.

"मळका नव्हता हो!" आमची ही मागून ओरडली. "आदल्याच दिवशी धुतला होता मी!"

सगळ्यांच्या नजरा आधी हिच्याकडे, मग माझ्या पोटाकडे वळल्या. मी खुर्चीतून उठलो. "मंडळी," मी म्हणालो, "तो चोर मीच. चोर आलाच नव्हता. मावशींचं घर तपासत होतो. दार मी छत्रीच्या मुठीनं उघडलं. मावशींना कुठं न्यायची गरज नाही."

मला वाटलं होतं लोक चिडतील. पण बाळ हसला, आणि ते हसणं चांगलं नव्हतं. "दादा," तो म्हणाला, "आईला इथं ठेवून घ्यायचं म्हणून तुम्ही सगळे मिळून हे रचताय. मला कळतं. मायेनं करताय, पण माझी आई इथं एकटी असते. बंद दार बाहेरून छत्रीनं उघडतं यावर मी विश्वास ठेवू?"

"करून दाखवतो," मी म्हणालो.

आणि अशा रीतीनं मी मावशींच्या मागच्या खिडकीपाशी उभा राहिलो. मावशी आत गेल्या, त्यांनी कडी घातली आणि आतच थांबल्या. बाहेर सगळी गल्ली. हवालदार म्हणाले, "माझी परवानगी आहे. करा घरफोडी."

मी छत्री उलटी धरून आत घातली. आकडा कडीला लागला आणि निसटला. पुन्हा घातला. पुन्हा निसटला. त्या दिवशी सहज झालं होतं ते आता होईना. तळहाताला घाम आला होता, आणि मला स्वच्छ दिसत होतं की मला ही घरफोडी जमली नाही, तर खरा चोर आला होता असं ठरणार आणि त्या दोन बॅगा उचलल्या जाणार.

"जरा डावीकडे," शिंपीणबाई म्हणाल्या.

"मनगट सैल सोडा," हेडमास्तर म्हणाले. "अक्षर घोटताना सोडतात तसं."

"श्वास धरून ठेवा," फोटोवाले म्हणाले. "हलू नका."

"अहो, असं नाही, खालून घ्या, खालून!" हा आमच्या हिचा आवाज. मघाशी मला बावळट म्हणणारे सगळे आता मी चोर ठरावा म्हणून जिवाचं रान करत होते. बाळ हाताची घडी घालून उभा होता. माझा आकडा हवेत चाचपडत होता, कडी कुठं आहे हे मला घामामुळे दिसतही नव्हतं. आणि तेवढ्यात आत खळ्ळ असा आवाज झाला, आणि दार उघडलं.

गल्लीनं असा जल्लोष केला की हवालदारांना हात वर करून शांत करावं लागलं. किराणावाल्यांनी माझ्या पाठीत धपाटा मारला. दारात मावशी उभ्या होत्या, चेहरा अगदी गंभीर.

बाळ कडीकडे बघत म्हणाला, "म्हणजे हे खरंच छत्रीनं उघडतं! मग तर आई, तू इथं मुळीच राहायचं नाहीस."

याचा विचार मी केलाच नव्हता. पण मावशी शांतपणे म्हणाल्या, "अरे, कडी बदलता येते. पण मी काय सांगते ऐक. हा इथं भरदुपारी आला. चौघांनी बघितला. चाल बघितली, पोट बघितलं, टॉवेल मळका की धुतलेला इथपर्यंत बघितलं. तुझ्या बाराव्या मजल्यावर मला दिवसभरात कोण बघतं रे?"

बाळ बराच वेळ आईकडे बघत उभा होता, आणि माझ्या मते त्या दिवसात पहिल्यांदाच नीट बघत होता. मग तो आत गेला आणि बॅगांपैकी एक उघडून त्यानं आईची शाल बाहेर काढून खुंटीला अडकवली. जाताना मला म्हणाला, "दादा, कडी मजबूत बसवून घ्या. आणि दर रविवारी तुम्ही स्वतः तपासा."

नवी कडी खाली, खिडकीपासून लांब बसवली. दर रविवारी संध्याकाळी मी छत्री घेऊन जातो, मावशी आत बसतात, शिंपीणबाई मशीन थांबवून बघायला येतात, आणि माझ्यानं दार उघडत नाही. मग मावशी उघडतात आणि चहा देतात.

एक गोष्ट मात्र मला स्वस्थ बसू देईना. माझी नोकरी वजनाची. हातावर किती ग्रॅम आले हे मला न बघता कळतं. त्या रविवारी दार उघडलं तेव्हा माझ्या आकड्यावर काहीही वजन आलं नव्हतं. परवा चहा पिताना मी विचारलंच, "मावशी, त्या दिवशी कडी नेमकी काढली कोणी?"

"तुला वजन लागलं होतं का?"

"नाही."

"मग विचारतोस कशाला?" त्यांनी माझ्या बशीत आणखी चहा ओतला. तेवढ्यात फोन वाजला. रविवारचा बाळचा फोन. पलीकडून नेहमीचा प्रश्न मला ऐकू आला: चोर आला होता का?

"आत्ताच येऊन बसलाय," मावशी म्हणाल्या. "नेलं काही नाही. गेल्या रविवारी छत्री मात्र विसरून गेला होता."